पाटी वाचून दाखवा

रक्ताचे पैसे वेगळे लावायचे असतात, हे फ्रीलान्स एडिटिंग सुरू केल्यावर पहिल्याच वर्षी कळलं. लेन्सवर उडणारे थेंब, मागे आगीचा लोळ, कोयत्याच्या पात्यावरून सरकणारी चकाकी, यांतलं काहीतरी नाशिकच्या गल्लोगल्लीच्या नेत्यांना वाढदिवसाच्या रीलमध्ये लागतंच. नेता दोन बोटांचं पिस्तूल करून कॅमेऱ्यावर रोखतो आणि त्याचा माणूस फोन करून सांगतो, बोटाच्या टोकाशी एक छोटी ठिणगी टाका. त्याला ते एका बटणाचं काम वाटतं. बोट हलत असतं, कॅमेराही हलत असतो, आणि ठिणगी दर फ्रेमला हातानं बसवावी लागते.

म्हणून माझ्याकडे कापाकापी तासावर आहे आणि इफेक्ट नगावर. बदलांच्या पहिल्या दोन फेऱ्या फुकट, तिसरीपासून पुन्हा तास सुरू. रीलच्या लांबीवर दर लावू नये, कारण अर्ध्या मिनिटाच्या मारामारीत कधीकधी आख्ख्या साखरपुड्याहून जास्त वेळ जातो. टायमर ग्राहक खुर्चीत बसला की सुरू करावा. माउसला हात लागेपर्यंत थांबू नये, कारण निम्मं काम बोलण्यातच होतं. नवीन मुलं विचारतात तेव्हा मी एवढंच सांगते.

रक्त घालण्यापेक्षा काढणं महाग पडतं, हे एका लग्नानं शिकवलं. मानपानावरून हाणामारी झाली आणि नवरीच्या मामाचं डोकं फुटलं. रुमाल बांधून तो तसाच उभा राहिला. मंगलाष्टकांना मामा नवरीच्या मागेच असतो, त्यामुळे त्याला फ्रेमबाहेर ठेवता येत नव्हतं. सदऱ्यावरचा डाग अक्षतांबरोबर खाली पसरत गेला होता. तो मी फ्रेम फ्रेम करून पुसला. बिल पाहून नवरीचे वडील म्हणाले, एवढ्यात तर मामाला नवा सदरा आला असता.

त्याआधीची वर्षं स्थानिक वृत्तवाहिनीच्या डेस्कवर गेली. तिथलं काम उलट्या दिशेचं होतं. अपघात, खून, विहिरीतून काढलेली प्रेतं रोज यायची आणि त्यांतलं रक्त मोझॅकच्या चौकोनांखाली घालून बातमी हवेत सोडायची. डेस्कप्रमुखांचा आणखी एक नियम होता. क्लिप कापायच्या आधी फ्रेममधलं प्रत्येक अक्षर मोठ्यानं वाचायचं. गाडीचा नंबर, दुकानाची पाटी, बनियनवरचं छापील, दुधाच्या पिशवीवरचं, काहीही. क्लिप कुठली आणि कधीची ते अक्षरांवरून कळतं, असं ते सांगत. डेस्क सुटलं तरी ही सवय राहिली. नाशिक रोडच्या माझ्या खोलीत मी अजूनही स्क्रीनवरची अक्षरं पुटपुटत बसते. खाली झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांना वाटतं, मी फोनवर बोलते.

द्राक्षांचा हंगाम संपत आला असताना एका दुपारी दोन माणसं जिना चढून आली. एक साठीचे बागायतदार, निफाडकडचे, पांढरा सदरा आणि पायजमा. दुसरा त्यांचा पुतण्या, पंचविशीचा. बागायतदारांच्या धाकट्या भावावर, म्हणजे या पुतण्याच्या वडिलांवर, पंचवटीत कोयत्यानं हल्ला झाला होता. ते इस्पितळात होते. उजवा हात कोपराखाली काढावा लागला होता. समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत हल्ला आला होता आणि ती क्लिप पोलिसांकडेही होती.

"मॅडम, पोलिसांना म्हने तोंड दिसत नाय," बागायतदार म्हणाले. "आमच्या पोराच्या मोबाईलला दिसतंय."

पुतण्यानं क्लिप एचडी करून आणली होती. त्यासाठीची अ‍ॅप आता कुणाच्याही फोनमध्ये असतात. अंधुक व्हिडिओ टाकायचा, मिनिटभर थांबायचं, स्वच्छ व्हिडिओ बाहेर येतो. त्यानं सांगितलेलं काम असं होतं. डावीकडे हा हल्ला, वार स्लो मोशनमध्ये, चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ. उजवीकडे पकडलेल्या माणसाचा कबुलीचा व्हिडिओ. वर 'हाच तो' अशी अक्षरं आणि खाली नगाऱ्याचा आवाज. संध्याकाळच्या आत सगळ्या ग्रुपवर जायला हवं.

टायमर ते बसले तेव्हाच सुरू केला होता. मी दोन्ही क्लिप मशीनवर घेतल्या.

पहिलीत संध्याकाळचा उजेड होता. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस मोटरसायकलला किक मारतोय. मागून टोपी घातलेला दुसरा येतो, पिशवीतून कोयता काढतो. पहिला वार खांद्यावर. पडलेला माणूस हात वर करतो आणि दुसरा वार त्या हातावर बसतो. तिसऱ्याला कोयता हाडात अडकतो, मारणारा पाय देऊन तो उपसतो. मग तो वळतो, आणि वळताना चेहरा कॅमेऱ्यासमोर येतो. चेहरा स्वच्छ होता. भुवया, नाकाचं हाड, खालच्या ओठाची कड, सगळं रेखीव.

हा चेहरा कुणाचा, हे त्या दोघांनी पाहताक्षणी ओळखलं होतं. भावाच्या टेम्पोवर असलेला एक ड्रायव्हर. महिन्यापूर्वी भावानं त्याला शिव्या घालून कामावरून काढलं होतं. भाजी बाजारात चार लोकांसमोर तो 'बघून घेईन' म्हणाला होता.

दुसरी क्लिप त्याच ड्रायव्हरची. बागायतदारांच्या शेडमध्ये निर्यातीची द्राक्षं गार करण्याची खोली होती. तिथं त्याला प्लास्टिकच्या क्रेटवर बसवलं होतं, हात सुतळीनं मागे बांधलेले. अंगावर फक्त अंडरवेअर होती. पाठीवर आणि मांड्यांवर ठिबकच्या नळीचे वळ होते, काही ठिकाणी कातडी उलली होती. डाव्या कानातून रक्त येऊन मानेवर ओघळत होतं. प्रत्येक श्वासाला तोंडातून वाफ निघत होती.

आता तो कुठे आहे, असं मी विचारलं.

"तिथंच," पुतण्या म्हणाला. "द्राक्षं टिकतात तिथं महिनाभर. हाही टिकेल."

बागायतदार हसले नाहीत. त्याला नेमकं किती मारलंय हे त्यांना ठाऊक नसावं, असं मला तेव्हा वाटलं. पुढे ते खरं निघालं.

पुतण्यानं दुसऱ्या क्लिपचा फक्त शेवट घ्यायला सांगितला. 'मी मारलं' म्हणतो तिथून. आधीचं काढून टाका, ते कामाचं नाही. त्यानं फोनवर स्वतःच कापायचा प्रयत्न केला होता, पण आवाज तुटत होता. म्हणून तो एडिटरकडे आला होता.

मी पहिली क्लिप पुन्हा लावली आणि सवयीनं अक्षरं वाचायला लागले. मोटरसायकलचा नंबर चिखलानं झाकलेला. मागे दुकानाची पाटी, पिवळ्यावर लाल, चेहऱ्याइतकीच स्वच्छ. ती वाचता येईना. क्लिप थांबवून मी पाटी मोठी केली.

"काका, ही पाटी वाचून दाखवा."

"हळद-मिरची कांडप," ते लगेच म्हणाले. "आमच्या घरची मिरची तिथंच कांडून येती."

"माहीत आहे म्हणून नका वाचू. एकेक अक्षरावर बोट ठेवा."

त्यांनी खिशातून चष्मा काढला, खुर्ची पुढे ओढली आणि स्क्रीनवर बोट टेकवलं. शिरोरेखा सरळ होती, सुतारानं पट्टी मारावी तशी. तिच्याखाली जे लोंबत होतं त्याचं एकही अक्षर होत नव्हतं. 'ह'च्या जागी 'इ'चं डोकं होतं आणि त्याला 'ळ'चं पोट. पुढे दोन काने एकमेकांना चिकटलेले. वेलांटी कशावरच बसलेली नव्हती. त्यांचं बोट पहिल्या आकारावरून दुसऱ्यावर गेलं, परत पहिल्यावर आलं.

"ह्ये कोनतं अक्षर?"

मी म्हटलं, हे अक्षर नाहीच.

"पाटीचं काय घेऊन बसलात मॅडम," पुतण्या म्हणाला. "आम्हाला काय दुकान विकत घ्यायचंय का? तोंड बघा ना."

मी त्याच्याकडे मूळ क्लिप मागितली. ती डिलीट झाली, असं तो म्हणाला. बागायतदारांनी मान न वळवता "दे" एवढंच म्हटलं, तेव्हा ती फोनमध्ये निघाली.

मूळ क्लिपमध्ये सगळंच धूसर होतं. पाटी म्हणजे पिवळा पट्टा आणि त्यावर लाल डाग. टोपीखाली चेहऱ्याच्या जागी करडे चौकोन होते, काही फिकट, काही गडद. मी ते मोठे केले. चौकोन मोठे झाले. आणखी मोठे केले, आणखी मोठे झाले. त्यांत डोळा नव्हता, नाक नव्हतं.

बागायतदारांनी विचारलं, मग ते तोंड गेलं कुठं.

तोंड कधीच नव्हतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. जिथं दिसत नाही तिथं हे अ‍ॅप स्वतःच्या मनानं भरतं. त्यानं माणसांची तोंडं लाखोंनी पाहिलेली असतात, म्हणून त्यानं बनवलेलं तोंड खऱ्यासारखं दिसतं. मराठी पाट्या त्यानं फारशा पाहिलेल्या नाहीत, म्हणून तिथं ते उघडं पडलं. हा माणूस जन्मलेलाच नाही. तुम्ही पाटी आठवणीतून वाचलीत, तोंडही तसंच वाचलंत.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"पन तो कबूल झालाय," ते म्हणाले. "सोताच्या तोंडानं बोललाय तो."

ती क्लिप तुम्ही पहिल्यापासून पाहिलीत का, असं मी विचारलं. त्यांनी पाहिलेली नव्हती. पुतण्यानं त्यांना शेवटचाच तुकडा दाखवला होता.

"नाना, त्याची गरज नाही," पुतण्या म्हणाला आणि उठला.

मी आवाज पूर्ण वाढवून क्लिप सुरुवातीपासून लावली. एडिटरचं काम कापण्याचं असतं, आणि ग्राहकानं नेमकं हेच कापायला सांगितलं होतं.

नळीचा आवाज आधी आला. फ्रेममध्ये एक हात येत होता आणि जात होता. ड्रायव्हर प्रत्येक फटक्याला 'मी नव्हतो' म्हणत होता. काही वेळानं तो फक्त 'नव्हतो' म्हणायला लागला, मग नुसताच आवाज काढायला लागला. मारणारा हात थांबला. फोनच्या अगदी जवळून कुणीतरी शांतपणे बोललं.

"म्हण, मी मारलं. पुढं म्हण, कशानं मारलं."

"मी मारलं," ड्रायव्हर म्हणाला. "चाकूनं मारलं."

"कोयत्यानं."

फटका कानावर बसला. तो क्रेटसकट आडवा झाला. दोन हातांनी त्याला पुन्हा बसवलं.

"मी मारलं. कोयत्यानं मारलं."

शांतपणे बोलणारा आवाज पुतण्याचा होता. खोलीतल्या तिघांनाही तो ओळखू आला.

बागायतदार उठले आणि त्यांनी पुतण्याच्या तोंडात मारली. मग दुसरी. पुतण्यानं हात उचलला नाही.

"माझ्या बापाचा हात गेलाय, नाना," तो म्हणाला. "तुमचं काय गेलंय?"

बागायतदारांनी शेडवर फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. ड्रायव्हरला बाहेर काढा, अंगावर काहीतरी घाला, असं ते सांगत होते. पलीकडून शेडवरच्या माणसानं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "नाना, तो उठत नाय."

"मारू नका आता."

"मारत नाय ओ. हलवलं, पानी मारलं. उठतच नाय तो."

पुतण्या फोनकडे झुकून म्हणाला, गाडीत घाला आणि हायवेला सोडून या, बाकीचं मी बघतो. मी माझा फोन उचलला आणि अँब्युलन्स बोलावते म्हणाले. त्यानं माझं मनगट धरून उलटं पिरगाळलं. फोन पडला. दुसऱ्या हातानं त्यानं टेबलावरची हार्ड डिस्क उचलून मॉनिटरवर मारली. काच आतल्या आत फुटली आणि ड्रायव्हरचं चित्र मधोमध काळं पडलं. आवाज मात्र चालूच राहिला. क्लिप पुन्हा सुरुवातीवर आली होती.

"सोड तिला," बागायतदार म्हणाले. त्यांनी पुतण्याची कॉलर मागून धरली आणि त्याला भिंतीवर ढकललं. मग खाली वाकून त्यांनी माझा फोन उचलला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या हातात दिला.

"लाव, पोरी. अँब्युलन्सलाबी लाव आन पोलिसांनाबी. पत्ता मी सांगतो."

त्यांनी पत्ता सांगितला. गाव, शिवार, गट नंबर, कालव्याच्या कोणत्या बाजूचा रस्ता. शेड कुणाच्या मालकीचं, असं पलीकडून विचारलं गेलं तेव्हा त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. मारणारे कोण, असं विचारल्यावर त्यांनी पुतण्याकडे पाहिलं आणि त्याचंही नाव सांगितलं. पुतण्या भिंतीशी खाली बसला होता. त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं होतं.

ड्रायव्हर जगला. बरगड्या मोडल्या होत्या, एका मूत्रपिंडाला मार होता, डाव्या कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी काही वेळ त्या खोलीत राहिला असता तर वाचला नसता. पुतण्या, शेडवरचे दोघं आणि बागायतदार यांना अटक झाली. बागायतदार नंतर जामिनावर सुटले. पोलिसांनी माझ्या मशीनमधून सगळ्या क्लिपच्या प्रती घेतल्या आणि माझा जबाब लिहून घेतला. पंचवटीतला हल्ला कुणी केला, ते हे लिहीपर्यंत समोर आलेलं नाही.

टायमर बंद करायचं मला दुसऱ्या दिवशी आठवलं. त्या नोंदीचं बिल निघालं नाही.

एक गोष्ट त्या दिवशी मला माहीत नव्हती. माझ्याकडे येण्याआधीच पुतण्यानं तुटक आवाजाचा शेवटचा तुकडा गावच्या ग्रुपवर टाकला होता.

पावसाळा संपल्यावर ड्रायव्हर माझ्याकडे आला. पायऱ्या चढताना तो दोनदा थांबला, ते खालच्या दुकानदारानं नंतर सांगितलं. खुर्चीत बसताना त्यानं ती वळवून घेतली, उजवा कान माझ्याकडे येईल अशी. त्याला टेम्पोवर कुणी घेत नव्हतं. पोलिसांनी त्याला त्या हल्ल्यात आरोपी केलेलं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण क्लिप सगळ्यांच्या फोनमध्ये होती. बाजारात हमाल त्याला पाहून 'मी मारलं, कोयत्यानं मारलं' असं सूर लावून म्हणायचे. कुणीतरी त्याची रील केली होती. ती त्यानं मला दाखवली. 'कोयत्यानं' या शब्दावर पात्याची चकाकी होती, लेन्सवर रक्त उडत होतं, मागे आग होती. काम बरं केलेलं होतं. चकाकी दर फ्रेमला नीट बसवली होती.

"ह्ये काढता येतं का, ताई?"

येत नाही, असं मी सांगितलं. एका फोनमधून काढलं तरी शंभर फोनमध्ये राहतं. तक्रार करता येईल, ती कशी करायची तेही सांगितलं.

तो ऐकून घेऊन म्हणाला, "तुमच्याकडं आख्खा व्हिडिओ हाय ना?"

"आहे."

"मंग आख्खा सोडून द्या. मला द्या, मीच सोडतो."

खटला चालू आहे, वकिलाला विचारावं लागेल, असं मी म्हटलं. तो विचारूनच आला होता. वकील म्हणाला होता, मार तू खाल्लास, मर्जी तुझी. मी स्वतः वकिलाला फोन लावून खात्री केली. थोड्या सभ्य शब्दांत त्यांनी तेच सांगितलं.

मी क्लिप उघडली. डेस्कची सवय म्हणून विचारलं, कानातलं रक्त आणि उघडं अंग मोझॅकनं झाकू का. बाहेर सोडताना असं झाकायची रीत आहे, हेही सांगितलं.

त्यानं नको म्हणून मान हलवली. "झाकलं तर म्हनतील, हितंच कायतरी लपवलंय."

म्हणून काही झाकलं नाही. त्यानं क्लिप कधी पाहिलेली नव्हती. मी म्हटलं, बाहेर जाऊन बसा, पाहायची गरज नाही. तो गेला नाही. स्पीकर त्यानं उजव्या कानाजवळ ओढून घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. नळीच्या फटक्यांना त्याचे खांदे हलत होते, आवाज यायच्या किंचित आधी. 'चाकूनं' आल्यावर त्यानं हात वर केला. मी थांबवलं.

"हितं चुकलो, म्हनून कानावर बसली." त्यानं डाव्या कानाला बोट लावलं. "हितं तो काय सांगतोय ते नीट ऐकू येत नाय. हितं आवाज वाढवा."

त्याला ऐकू येत नव्हतं ते त्याच्या कानामुळे असेल, असं मला वाटलं. मी हेडफोन लावून तपासलं. त्याचं बरोबर होतं. गार खोलीतल्या पंख्याच्या घरघरीत 'कोयत्यानं' हा शब्द बुडत होता. एकाच शब्दाचा आवाज वाढवला असता तर उद्या कुणी म्हटलं असतं, तिथं काहीतरी केलंय. म्हणून सबंध क्लिपचा आवाज सारखा वाढवला. फटकेही त्याबरोबर मोठे झाले. ते चालेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, चालेल.

क्लिप त्याच्या फोनमध्ये टाकली. त्यानं पाकीट काढून किती झाले विचारलं. मी त्याला दर समजावून सांगितला. कापाकापी तासावर असते, इथं काहीच कापलं नाही. इफेक्ट नगावर असतात, एकही टाकला नाही. आवाज वाढवला तो एक बदल, तोही पहिल्या फेरीतला, आणि पहिल्या फेरीचे पैसे लागत नाहीत.

त्यानं पाकीट परत ठेवलं. दारातच उभं राहून त्यानं क्लिप गावच्या ग्रुपवर टाकली. क्लिप पोचल्याची दुसरी खूण उमटेपर्यंत तो तिथंच थांबला, आणि मग जिना उतरला.